व्याख्यान झालं, पण कळलं का?

मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात ओळखीच्या एका काकांचा फोन आला. काका निवृत्त प्राध्यापक, पण कॉलेजचा नाद सुटलेला नाही. "अरे, मुलं डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. कंपनीत कसं शिरायचं, तयारी काय करायची, हे तुझ्यासारख्यानं येऊन सांगायला हवं. एक तास बोल, बस्स!"

काकांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. आपणही व्याख्याते झालो! दोन रात्री जागून स्लाइड्स केल्या. क्लाउड, एआय, इंडस्ट्रीच्या अपेक्षा, सॉफ्ट स्किल्स, सगळं घातलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता कॉलेजच्या सभागृहात पोहोचलो. शाल, गुच्छ, स्वागताचं भाषण झालं. मग मी पन्नास मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोललो. शेवटी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" एकही हात वर आला नाही. टाळ्या मात्र भरपूर.

खाली पाण्याच्या फिल्टरपाशी एक मुलगी थांबली होती. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "सर, बॅकएंड अंटे एंदि?" म्हणजे बॅकएंड म्हणजे काय? हा शब्द मी त्या तासाभरात निदान वीसदा वापरला असेन. मी तेलुगूत दोन मिनिटांत सांगितलं: टिफिन सेंटरमध्ये आपण काउंटरवर टोकन घेतो ते समोरचं, आणि आत जिथे डोसा होतो ते बॅकएंड. ती हसली. "मग हे तिथेच का नाही सांगितलं सर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हैदराबादेत वाढलो. घरात मराठी, गल्लीत दखनी, मित्रांबरोबर तेलुगू. तरीही माइक हातात आल्यावर मी अशी भाषा निवडली, जी समोरच्या निम्म्या मुलांना धड कळत नव्हती.

शंभर वर्षांपूर्वीचं एक सभागृह

घरी येऊन बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "विवेकवर्धिनीच्या थिएटरात काय झालं होतं, माहीत आहे ना तुला?" अर्धवट माहीत होतं. मग नीट वाचलं.

विवेकवर्धिनी आपल्यातल्या अनेकांच्या आजी-आजोबांची शाळा. १९०७ साली सुरू झाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी ती उभी केली. पंडित सातवळेकरही त्या काळी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते आणि या कामात होते. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. अशा वेळी आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून लोकांनी पदरचे पैसे घालून शाळा काढली. शाळेबरोबर सभागृह आलं आणि सभागृहात व्याख्यानं. सभा भरवण्यावर सरकारची बंधनं असलेल्या संस्थानात अशा जागेचं मोल वेगळंच होतं.

याच थिएटरात नोव्हेंबर १९२१ मध्ये संस्थानातल्या समाजसुधारकांची परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणं इंग्रजी, उर्दू, मराठीत झाली. मग आलमपल्ली व्यंकटरामराव नावाचे वकील बोलायला उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहात गलका झाला, टवाळी झाली. श्रोत्यांत मराठी माणसं पुष्कळ होती. व्यंकटरामरावांना धड बोलू दिलं गेलं नाही.

ज्या शहराच्या आसपास बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, तिथे तेलुगूत बोलणाऱ्याचं हसं झालं. तेही अशा लोकांकडून, ज्यांनी स्वतःच्या भाषेसाठी शाळा काढली होती. आणि अध्यक्षस्थानी कोण, तर कर्वे. पाचच वर्षांपूर्वी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं होतं आणि तिथे मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला होता.

दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि त्यांनी आंध्र जन संघ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव ही त्यातली पुढे मोठी झालेली नावं. त्यातूनच पुढे आंध्र महासभा आली आणि १९३० साली तिचं पहिलं अधिवेशन जोगीपेटला झालं. तेलंगणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना हमखास असते. आपल्या घरांत मात्र तिचा उल्लेख क्वचितच होतो.

हे वाचल्यावर मला माझा तो शनिवार आठवला. मी कुणाची टवाळी केली नव्हती, उलट शाल घेऊन आलो होतो. पण समोरच्या मुलांना जे वाटलं असेल, ते फार वेगळं नसावं. इथे बोलायचं तर आपली भाषा चालत नाही, मग गप्प बसलेलं बरं.

गप्प बसण्याची किंमत

ही किंमत किती असते, ते महिनाभरात कळलं. काकांनी पुन्हा बोलावलं तेव्हा मी म्हटलं, भाषण नको, वर्कशॉप घेऊ. वीस-पंचवीसच मुलं, सभागृहाऐवजी वर्ग, आणि भाषा ज्याला जी येईल ती. बरोबर दोन मित्रांना घेतलं. एक एचआरमध्ये, दुसरी टेस्टिंगमध्ये. दोघांचं तेलुगू माझ्याहून चांगलं.

पहिल्याच वर्कशॉपनंतर एक मुलगा थांबला. खिशातून घडी केलेला कागद काढला. एका मोठ्या कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर. नावात एक अक्षर जास्त, ईमेलचा पत्ता साध्या फुकटच्या खात्याचा. "ट्रेनिंग डिपॉझिट" म्हणून चाळीस हजार भरले होते. आईची साखळी गहाण ठेवून. त्यानंतर फोन बंद.

"कधी भरलेस?"

"तुमच्या भाषणानंतर दोन दिवसांनी."

"म्हणजे त्या दिवशी तू होतास?"

"हो सर. कागदही खिशात होता. विचारणार होतो, पण इंग्लिशमध्ये कसं विचारायचं ते कळेना."

मी काय बोलणार? १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. इथे कित्येक दिवस उलटून गेले होते. पैसे परत आले नाहीत.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक वर्कशॉपची सुरुवात याच विषयानं होते. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. डिपॉझिट, रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचे पैसे, "बॅकडोर एंट्री", शब्द कुठलाही असो, पैसे मागितले की थांबायचं, कुणाला तरी दाखवायचं. आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन. हे आम्ही तेलुगूत सांगतो, मग दखनीत सांगतो, आणि शेवटी मुलांनाच सांगायला लावतो.

वर्कशॉपमध्ये नेमकं काय करतो

फार मोठं काही नाही. पण जे उपयोगी पडलं ते इथे लिहितो, म्हणजे कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुका टाळता येतील.

पहिलं, वेळ. शनिवारी सकाळी अकरा ही आमच्या सोयीची वेळ होती. बरीच मुलं कॉलेजबरोबर काम करतात. कुणी डिलिव्हरी, कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी घरच्या टिफिन सेंटरवर. त्यांना विचारून वेळ दुपारी तीनची केली, आणि मुलींना अंधार पडण्याआधी घरी पोहोचता यावं म्हणून पाचला संपवायचंच असं ठरवलं. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महिलांना आरटीसीच्या साध्या बसमधून फुकट प्रवास करता येतो, त्याचा फायदा इथे दिसतो. लांबून येणाऱ्या मुलींना शनिवारच्या जादा फेरीसाठी घरी पैसे मागावे लागत नाहीत.

दुसरं, रेझ्युमे. पहिल्या दिवशी आलेले रेझ्युमे जवळजवळ सारखेच होते. तेच ऑब्जेक्टिव्ह, तेच "हार्ड वर्किंग", छंद म्हणजे गाणी ऐकणं. टिफिन सेंटरवाल्या मुलाला विचारलं, "सकाळी काय करतोस?" तर म्हणाला, "काही नाही सर, अप्पाला मदत." खोदून विचारल्यावर कळलं की दूध, उडीद डाळ, गॅस यांचा रोजचा हिशोब, तीन माणसांची हजेरी, यूपीआयचा जमाखर्च हे सगळं हाच बघतो. कॉमर्सचा विद्यार्थी, आणि एवढा अनुभव रेझ्युमेत एका ओळीचाही नाही! आता आम्ही अर्धा तास फक्त एवढंच विचारतो: घरी, दुकानात, देवळाच्या उत्सवात तू काय सांभाळतोस? तेच लिहायचं, खोटं काही घालायचं नाही.

तिसरं, अप्रेंटिसशिप. सॉफ्टवेअरशिवाय दुसरी नोकरीच नाही असं मुलांना वाटतं, आणि माझ्यासारखे व्याख्याते त्यात भर घालतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पदवीधरांना केंद्र सरकारच्या नॅट्स योजनेतून कंपन्यांत आणि सरकारी उपक्रमांत शिकाऊ म्हणून काम मिळू शकतं. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. रक्कम मोठी नाही, पण कामाचा अनुभव आणि प्रमाणपत्र मिळतं, आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. वर्गातल्या फार थोड्या मुलांनी हे नाव ऐकलं होतं. आता नोंदणी आम्ही तिथेच, मोबाइलवर, प्रत्येकाकडून करून घेतो.

चौथं, मुलाखतीचा सराव. "तुमच्याबद्दल सांगा" या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःच्या भाषेत द्यायचं. काय सांगायचं ते पक्कं झालं की मग इंग्रजीत. आधी आम्ही उलट करत होतो. मुलं पाठ केलेली चार वाक्यं म्हणायची आणि पाचव्याला अडकायची. इंग्रजी लागतंच, ते नको असं मी म्हणत नाही. पण विचार आधी, भाषांतर नंतर, हा क्रम लावल्यावर फरक पडतो.

आणि व्याख्यानं? ती बंद केली नाहीत. महिन्यातून एक होतं. पण वक्त्याला आधीच सांगतो: वीस मिनिटं बोला, चाळीस मिनिटं प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर, कुठल्याही भाषेत, नाव न लिहिता. पहिल्यांदा चिठ्ठ्या गोळा केल्या तेव्हा वक्त्यांना त्या सगळ्या पुरवता आल्या नाहीत.

"यात आपली मुलं किती?"

एका लग्नात नात्यातल्या एका आत्यांनी हा प्रश्न विचारला. रागानं नाही, सहज. वर्गात तेलुगू मुलं सगळ्यांत जास्त, मग उर्दू बोलणारी, काही लंबाडा कुटुंबांतली, आणि मराठी दोन-तीन, तीही आदिलाबाद आणि नांदेडकडून आलेली. मग मराठी माणसांनी शनिवार का घालवायचे?

मी आत्यांना एवढंच म्हटलं, की हे शहर आपल्याला चार-पाच पिढ्या सांभाळतंय. आपल्या पूर्वजांनी इथे शाळा-कॉलेजं काढली ती मराठी मुलांसाठी. आज आपली मुलं इंटरनॅशनल स्कूलमध्ये जातात आणि त्या बाकांवर दुसऱ्यांची मुलं बसतात. इमारत आपली असल्याचा अभिमान बाळगायचा आणि बाकावरच्या मुलांकडे बघायचं नाही, हे काही बरोबर नाही.

आपल्यातले जे अमेरिकेत आहेत त्यांना कम्युनिटी कॉलेज हा प्रकार ओळखीचा असेल. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सुरू झालेलं कॉलेज तिथलं सर्वांत जुनं समजतात. घराजवळ, कमी फीत, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. जिल बायडन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असतानाही अशाच एका कॉलेजात शिकवत होत्या. आपल्याकडे पाँडिचेरीत १९९५ साली असं कॉलेज निघालं आणि यूजीसीनंही पुढे त्यासाठी योजना आणली. पण पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आजूबाजूच्या लोकांनी येऊन वेळ दिला तरच ते कॉलेज समाजाचं होतं.

थोडं तुमच्यासाठी

आता सांगायचं ते एवढंच. तुमच्यापैकी कुणी बँकेत आहे, कुणी फार्मात, कुणी सीए, कुणी स्वतःचं दुकान चालवतं. सॉफ्टवेअरवाले आम्ही खूप झालो. बाकीच्यांची गरज जास्त आहे. महिन्यातला एक शनिवार, दुपारी तीन ते पाच. स्लाइड्स नकोत. तेलुगू मोडकंतोडकं असलं तरी चालेल, मुलं आनंदानं दुरुस्त करतात आणि तेवढ्यानंच वर्ग मोकळा होतो.

तो चाळीस हजारवाला मुलगा आता एका औषधांच्या होलसेल डीलरकडे हिशोबाचं काम करतो. साखळी अजून सोडवायची आहे, दर महिन्याला थोडे थोडे भरतोय. अधूनमधून वर्कशॉपला येतो. ऑफर लेटरचा विषय आला की मी गप्प बसतो आणि तो उठून फळ्यापाशी जातो. तेलुगूत सुरू करतो, "नाकु इला जरिगिंदि..." म्हणजे माझ्या बाबतीत असं घडलं. त्या दहा मिनिटांत वर्गात कुणीही मोबाइलकडे बघत नाही.