पंधरा कोटींचा भागाकार

907 हेक्टर जमीन. सुमारे 977 कारखाने. दिवसाला 22.5 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्यासाठी उभारलेला सामायिक प्रकल्प, म्हणजे सीईटीपी. आणि 15 कोटी रुपये भरपाई. तळोजा एमआयडीसी आणि कासाडी नदीच्या खटल्याचा गाभा या चार आकड्यांत आहे. मथळा होतो तो शेवटच्या आकड्याचा. तो खरोखर किती मोठा, हे बाकीच्या आकड्यांनी त्याला भागल्यावरच कळतं.

आधी नदीचं बघू. कासाडी तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते. खटला उभा राहण्याआधीच नवी मुंबई महापालिकेच्या तपासणीत तिच्या पाण्याची बीओडी लिटरला 80 मिलिग्रॅम निघाली होती. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, ती ही बीओडी. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा आहे 3. सहाच्या वर गेली की मासे तगणं कठीण. आपल्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू विरघळून विरघळणार किती, तर जेमतेम 8 मिलिग्रॅम. शिल्लक 8 आणि मागणी 80! अशा पाण्यात जिताडा, बोय काठाशी वर येतात, पृष्ठभागावर तोंडं उघडझाप करतात आणि थोड्या वेळात पोट वर करून तरंगू लागतात. खाडीकाठच्या आगरी-कोळी माणसाला त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही.

शहराला मात्र जाग यायला ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. तळोज्यात निळी पडलेली भटकी कुत्री दिसली, त्यांची छायाचित्रं जगभर फिरली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाचा एक कारखाना बंद करायला लावला. मासे त्याच्या कितीतरी आधीपासून मरत होते.

पनवेल महापालिकेचे तेव्हाचे नगरसेवक अरविंद पुंडलिक म्हात्रे यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला, क्रमांक 125/2018. सुनावणी दिल्लीच्या मुख्य खंडपीठापुढे झाली. न्यायाधिकरणाने तपासणीसाठी तज्ज्ञांची संयुक्त समिती नेमली. सामायिक प्रकल्प निकष पाळत नसल्याचं पुढे आलं आणि 2019 मध्ये प्रकल्पाला 10 कोटी व एमआयडीसीला 5 कोटी रुपये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा करायला सांगण्यात आलं. एमआयडीसीवर रक्कम बसली हे मला या आदेशातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. भूखंड देणारा आणि पाणी पुरवणारा तोच, तर सांडपाण्याच्या वेळी त्याला हात झटकता येऊ नयेत.

आता भागाकार. 15 कोटी भागिले 977, म्हणजे कारखान्यामागे साधारण 1 लाख 53 हजार रुपये. सगळेच कारखाने रसायनांचे नाहीत, अनेकांचं सांडपाणी नगण्य आहे, ही हरकत रास्त आहे. म्हणून समजा, भार फक्त एक तृतीयांश कारखान्यांवर टाकला. तरी वाट्याला 4 लाख 60 हजार येतात.

ही रक्कम जास्त की कमी, हे ठरवायला माप उपलब्ध आहे. केंद्रीय मंडळाने पर्यावरण भरपाईसाठी एक सूत्र तयार केलं आहे. कारखान्याच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक, नियमभंगाचे दिवस, रुपयांतला एक ठरावीक दर, कारखान्याचा आकार आणि जवळच्या वस्तीची लोकसंख्या, या पाचांचा गुणाकार. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या वर्गाला निर्देशांक 80, दर 250 रुपये, मोठ्या कारखान्याला 1.5, लहानाला 0.5. वस्तीचा गुणक सर्वात कमी, म्हणजे 1 धरला, तरी लाल वर्गातल्या मोठ्या कारखान्याला एका दिवसाचे 30 हजार रुपये पडतात आणि लहानाला 10 हजार. त्या हिशेबाने 1 लाख 53 हजार म्हणजे मोठ्या कारखान्याच्या पाच दिवसांच्या नियमभंगाची किंमत. भार एक तृतीयांश कारखान्यांवर टाकला, तर पंधरा दिवसांची. नदी मात्र वर्षानुवर्षं नासत होती.

पाण्याच्या बाजूनेही भागून पाहा. रोज 22.5 दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला 821 कोटी लिटर. एका वर्षाच्या सांडपाण्यावर 15 कोटी पसरले, तर हजार लिटरमागे 18 रुपये. पाच वर्षांवर पसरले, तर 3 रुपये 65 पैसे. पनवेल-कामोठ्यात उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्यांनी हा भाव एकदा आपल्या बिलाशी ताडून बघावा.

आणखी एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. प्रकल्पातून नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा 30 आहे. प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला आणि मर्यादा तंतोतंत पाळली, तरी रोज 675 किलो प्राणवायूची मागणी पाण्यावर पडते. निकष लिटरमागे ठरतो, नदीच्या ऐपतीवर ठरत नाही. पावसाळा सरला की कासाडीसारख्या लहान नदीत ती मागणी पेलायला पाणी उरतं किती?

पैसे कुणाला मिळाले, हा प्रश्न याहून टोचणारा आहे. कासाडीचे 15 कोटी केंद्रीय मंडळाकडे जमा करायचे होते, पर्यावरणाची भरपाई म्हणून. जवळच्याच उरण-पनवेलच्या खाडीवरचा दुसरा खटला याच्या शेजारी ठेवून वाचावा. रामदास जनार्दन कोळी आणि इतरांच्या अर्जावर न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी 1,630 मच्छीमार कुटुंबांना मिळून 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये मंजूर केले. देणारे होते जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. दिवसाला 800 रुपये धरले, तर ही बरोबर 730 दिवसांची, दोन वर्षांची मजुरी होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण निकालाने एक वाट घालून दिली: खाडी बिघडली तर तिच्यावर पोट असलेल्या कुटुंबांची नावं आणि संख्या हिशेबात घ्यावी लागते.

वसुलीचा इतिहास बघता उशिराचीही किंमत लावायला हवी. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनांनी लाल झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 1996 मध्ये, पुढच्या वर्षी 37 कोटी 38 लाख 50 हजारांची रक्कम ठरली, आणि कंपन्या अर्जामागून अर्ज करत राहिल्या. अखेर 2011 मध्ये न्यायालयाने त्यावर 12 टक्के चक्रवाढ व्याज लावलं. तळोज्यासारख्या प्रत्येक आदेशात व्याजाचं कलम पहिल्या दिवसापासून असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. व्याज नसेल, तर तारखा वाढवत राहणं कंपनीला परवडतं.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी, मासेमारी करणाऱ्यांनी आणि सोसायट्यांत रात्री दर्प सोसणाऱ्यांनी एक मुदत पक्की ध्यानात ठेवावी. हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात भरपाईचा दावा करायला, कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षं मिळतात, आणि पुरेसं कारण दाखवलं तर वर साठ दिवस. भरपाई मागायची तर तिच्या एक टक्का शुल्क भरावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ आहे. तेव्हा मेलेले मासे दिसले की तारीख आणि जागा लिहून छायाचित्र काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.