ऊन पाण्याचे कुंड आणि बधिर पाय

दिवाळी सरली, नागपुरात पहाटेची थंडी जाणवू लागली की आमच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टरसाहेब, गुडघे लय दुखून राहिले. उनकेश्वरले जाऊन आंघोळ केली तं चालते का?’ विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. निम्म्यांना मधुमेह असतो, बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना रक्तदाब. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. गरम पाण्यात बसल्याने आराम मिळतो, हे खरे आहे. पण तेच पाणी एखाद्याचा पाय कायमचा घालवू शकते, हेही तितकेच खरे आहे. कोणी जावे, कसे जावे आणि कोणी मुळीच जाऊ नये, हे आज नीट पाहू.

गरम पाण्याला आपण ‘ऊन पाणी’ म्हणतो. महाराष्ट्रातील अनेक झऱ्यांची नावे या ‘ऊन’वरूनच पडली आहेत. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागातील उनकेश्वर, जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले उनपदेव, दापोली-खेड परिसरातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यातली काही. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवर सालबर्डीलाही गरम पाणी आहे. कोकणात तर पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला अशा झऱ्यांची एक रांगच आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही त्या रांगेतली मुंबईकरांच्या परिचयाची ठिकाणे. पाण्याचे तापमान मात्र सगळीकडे सारखे नाही. राजापूरजवळचे पाणी अंगाला सोसते. संगमेश्वरजवळच्या तुरळचे पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर उन्हवऱ्याचे सुमारे ७० अंश. शेवटच्या दोन्ही ठिकाणचे पाणी थंड पाणी मिसळल्याशिवाय आंघोळीचे नाही.

हे पाणी तापते कशाने? ‘खाली ज्वालामुखी आहे का?’ असे अनेक जण विचारतात. तसे नाही. ज्या लाव्हारसापासून आपले दख्खनचे काळे पाषाण बनले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोल उतरते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खोलवर तापलेले हे पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून लवकर वर आले, तर वाटेत निवत नाही आणि आपल्याला ऊन झरा मिळतो. वाटेत खडकांतले क्षार त्यात विरघळतात. काही ठिकाणी गंधकाचा वास येतो तोही त्यातूनच.

जिवंत ज्वालामुखींवर वसलेला देश पाहायचा तर आइसलँडकडे पाहावे लागेल. लोकसंख्या जेमतेम चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूरच्या एखाद्या भागाएवढी. तरीही तिथे सार्वजनिक जलतरण तलाव शंभराहून अधिक आहेत आणि बहुतेक भूगर्भातील उष्णतेवर चालतात. राजधानी रेक्याविकच्या नावाचा अर्थच ‘वाफांचे आखात’ असा होतो. तेथील बहुतेक घरे याच उष्णतेने उबदार ठेवली जातात. बर्फ पडत असतानाही लोक उघड्यावरच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलेले असतात. कामावरून सुटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारायची ती जागा. आपल्याकडे पानठेल्यावर किंवा चहाच्या टपरीवर जे चालते, ते तिथे कुंडात चालते.

डॉक्टर म्हणून मला तिथल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, कुंडांचे तापमान वेगवेगळे ठेवलेले असते, साधारण ३८ ते ४४ अंश, आणि ते कुंडाशेजारी लिहिलेले असते. आपल्याला किती सोसते ते पाहून माणूस कुंड निवडतो. दुसरी, पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने स्वच्छ आंघोळ करणे सक्तीचे असते. पाहुण्यांनी कितीही संकोच केला तरी या नियमातून सूट नाही. आंघोळ आधी आणि कुंड नंतर. आपल्याकडे अनेक ठिकाणी साबणही कुंडातच आणि कपडेही कुंडातच. तिसरी, पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस असतो. निसर्गाने आपल्यालाही ऊन पाणी दिले आहे. उणीव आहे ती या तीन गोष्टींची.

आता शरीरात काय होते ते पाहू. गळ्यापर्यंत पाण्यात बसलो की पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी अंगावर पडतो. एक मीटर खोलीवर तो, रक्तदाब मोजण्याच्या मापात सांगायचे तर, सुमारे ७४ एवढा असतो. त्यामुळे पायांतील आणि पोटातील अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयाला जास्त रक्त हाताळावे लागते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. पाण्यात बसल्यावर लघवीला लागते ते यामुळे. दुसरीकडे उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात, शरीराचे वजन पाण्याने पेलल्यामुळे सांध्यांवरचा भार उतरतो. गुडघेदुखीच्या रुग्णाला ‘हलके वाटते’ ते अगदी खरे असते.

पण बाहेर येण्यासाठी झटक्यात उठलो की पाण्याचा आधार एकदम जातो. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त पायांकडे धावते, रक्तदाब कोसळतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर सत्तरीच्या माणसाला चक्कर येणे म्हणजे कंबरेचे हाड मोडण्याला निमंत्रण. जपानमध्ये गरम पाण्यात बसण्याची रीत घरोघरी आहे आणि तिथे दरवर्षी हजारो वृद्ध आंघोळीच्या टबातच दगावतात, बहुतेक हिवाळ्यात. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील किंवा मद्य घेतलेले असेल तर धोका आणखी वाढतो.

मग गुडघे बरे होतात का? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००७ मध्ये सांध्यांच्या झिजेवर खनिजयुक्त पाण्यातील आंघोळीचा काय उपयोग होतो, याचा आढावा घेतला होता. सात चाचण्या आणि सुमारे पाचशे रुग्ण. काहीच न करण्यापेक्षा अशा आंघोळीने बरे वाटते, असे त्यातून दिसले. मात्र या चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, असेही त्यात स्पष्ट नोंदवले आहे. थोडक्यात, वेदना काही काळ कमी होते. झिजलेली कूर्चा परत येत नाही. तो आराम मिळाल्यावर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हे ज्याने सुरू केले, त्याला खरा फायदा होतो.

त्वचारोगांचा विषय अधिक नाजूक आहे. उनपदेव आणि उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषींची कथा सांगतात. ऋषींना कुष्ठरोग झाला होता, रामाने बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढले आणि त्यात स्नान करून ते बरे झाले. श्रद्धेशी वाद घालण्याचे मला कारण नाही. ज्या काळी कुष्ठरुग्णाला गावच्या विहिरीवर कोणी उभे करत नसे, त्या काळी त्याला जखमा धुवायला वाहते, कोमट पाणी मिळणे हाच मोठा दिलासा असणार. पण कुष्ठरोगाचे जंतू आंघोळीने मरत नाहीत. नॉर्वेतील बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हे जंतू शोधले. ते मज्जातंतूंच्या आत घर करून बसतात. त्यांच्यावर औषध आहे ते बहुविध औषधोपचाराचे, सहा किंवा बारा महिन्यांचे, आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या संस्था ज्या विदर्भात उभ्या राहिल्या, त्या विदर्भात पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट, न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर आधी दवाखाना गाठा. कुंडावर वारी करण्यात गेलेले महिने मज्जातंतू परत देत नाहीत.

आणि इथेच खरा धोका आहे. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात एक गोष्ट समान असते, ती म्हणजे पायांची बधिरता. निरोगी माणूस फार गरम पाण्यात पाय टाकताच ओढून घेतो. बधिर पायाला ती सूचनाच मिळत नाही. पाणी किती गरम असले तर कातडी किती वेळात खोलवर भाजते, याचा अभ्यास हार्वर्डमध्ये झाला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांना पाच ते दहा मिनिटे पुरतात. ६० अंशांना पाच सेकंदांच्या आसपास. म्हणजे फक्त पाच अंश वाढले की तासांची मिनिटे होतात आणि आणखी दहा-अकरा अंशांनी मिनिटांचे सेकंद.

दर हिवाळ्यात आमच्या वॉर्डात पाय भाजलेले मधुमेही दाखल होतात. कोणी बादलीत पाय शेकलेले असतात, कोणी रबरी पिशवीने, कोणी कुंडावरून आलेले असतात. बहुतेकांची हकिकत एकसारखीच. ‘काही समजलंच नाही. सकाळी फोड दिसला.’ फोड फुटतो, जखम चिघळते, रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत, कधी त्याहून वर जाते. हे टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच ते पाहताना जास्त त्रास होतो.

आणखी एक धोका दुर्मीळ, पण जीवघेणा. नेग्लेरिया नावाचा अमीबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो आणि ४६ अंशांपर्यंत टिकतो. असे पाणी प्यायल्याने तो अपाय करत नाही. पण नाकात जोराने पाणी गेले तर तेथून तो मेंदूत शिरतो आणि असा मेंदूज्वर झालेले रुग्ण क्वचितच वाचतात. इंग्लंडमधील बाथ या गावी रोमन काळापासून गरम पाण्याचे कुंड आहे. १९७८ मध्ये तिथे पोहलेली एक मुलगी याच आजाराने दगावली आणि ते कुंड स्नानासाठी बंद झाले. पुढे २००६ मध्ये तिथे नवे स्नानगृह सुरू झाले, ते खोल बोअरमधून घेतलेल्या पाण्यावर. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तेव्हा आपल्याकडेही हे नाव ऐकू येऊ लागले. घाबरून जायचे कारण नाही. कुंडात सूर मारू नये, डोके बुडवू नये, मुलांना नाकात पाणी उडवू देऊ नये, एवढे पाळले तरी पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. हृदयविकार आटोक्यात नसलेले, नुकताच झटका येऊन गेलेले, वारंवार चक्कर येणारे, अंगावर उघडी जखम किंवा ताप असलेले रुग्ण आणि गर्भवती यांनी कुंडात बसू नये. पायांना मुंग्या येणाऱ्या किंवा पाय बधिर असलेल्या मधुमेही आणि कुष्ठरुग्णांनी पाय घालूच नयेत. तांब्याने कोमट पाणी अंगावर घ्यावे. तेही आधी दुसऱ्या धडधाकट माणसाने कोपर बुडवून पाहिल्यावर. बाकीच्यांनी ४० अंशांच्या आत, दहा ते पंधरा मिनिटे बसावे. जेवून लगेच उतरू नये, एकटे उतरू नये. उठताना आधी पायरीवर दोन मिनिटे बसावे, मग उभे राहावे आणि नंतर पेलाभर पाणी प्यावे. रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर आरशात. लाल डाग किंवा फोड दिसला तर तो न फोडता दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात दाखवावा.

आणि एक मागणी देवस्थानांकडे व ग्रामपंचायतींकडे. कुंडाशेजारी एक तापमापी आणि त्या दिवसाचे तापमान लिहिलेला फळा, पायऱ्यांना लोखंडी कठडा, साबणाने आंघोळ करायला वेगळी जागा आणि ‘पाय बधिर असल्यास कुंडात उतरू नये’ अशी ठळक अक्षरांतली पाटी. यासाठी मोठा निधी लागत नाही. तुमच्या गावचे लोक या हिवाळ्यात कुंडावर जाणार असतील, तर निघण्याआधी एवढे मात्र विचारा: आपल्यापैकी कोणाचे पाय बधिर आहेत?