क्रमांकांच्या आधारे फ्लँडर्स
कोळशाच्या खाणीतील मार्गसंगमांना क्रमांक देण्याची जी रीत होती, ती भूपृष्ठावर आणण्याची कल्पना खाण-अभियंते ह्यूगो बोलन यांना सुचली आणि १९९५ साली बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात सायकलवाटांच्या संगमांवर क्रमांकाच्या पाट्या उभ्या राहिल्या. स्वाराने क्रमांकांची यादी तेवढी टिपून घ्यावी, वाट पुसण्याची गरजच उरत नाही. ही सोय पुढे समग्र फ्लँडर्सभर पसरली. त्यांतही सर्वांत रम्य वाटा, माझ्या मते, कालव्यांकाठच्या: पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखलेल्या या सपाट पट्ट्यांवर आज बहुतेक ठिकाणी मोटारींना मज्जाव आहे. नेपोलियनच्या हुकमाने खोदलेल्या दाम्मेच्या कालव्याकाठी पॉपलर वृक्षांची रांगच वाऱ्याने एका अंगाला कलली आहे. तो वारा समोरून आला, की सपाटीवरही चढणीचे श्रम पडतात.