अवजड मालवाहू लष्करी हेलिकॉप्टर

अवजड मालवाहू लष्करी हेलिकॉप्टर म्हणजे तोफा, वाहने, बुलडोझर यांसारखे कित्येक टन वजनाचे साहित्य रस्ता वा धावपट्टी नसलेल्या ठिकाणी पोहोचवणारे हेलिकॉप्टर होय. भारतीय हवाई दलात १९८६ मध्ये दाखल झालेले रशियन बनावटीचे एमआय-२६ आणि २५ मार्च २०१९ रोजी चंदीगड येथे दाखल झालेले अमेरिकी बनावटीचे चिनूक ही या वर्गाची प्रमुख उदाहरणे आहेत.

रचना

हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर फिरू लागला की त्याचे धड उलट दिशेला फिरू पाहते. ते रोखण्यासाठी सामान्यतः शेपटीवर लहान रोटर बसवतात व त्यासाठी इंजिनाची काही शक्ती खर्ची पडते. चिनूकचे पुढचा व मागचा असे दोन मोठे रोटर परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. त्यामुळे जवळजवळ सर्व शक्ती भार उचलण्यासाठी मिळते. ते सुमारे १० टन भार वाहते. एमआय-२६ ला मात्र एकच मुख्य रोटर असून त्याला आठ पाती आहेत. त्याचा व्यास ३२ मीटर, तर भारक्षमता सुमारे २० टन आहे. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने ही क्षमता बरीच घटते.

उपयोग

भार हेलिकॉप्टरच्या पोटात ठेवतात किंवा खाली आकड्याला टांगतात. सीमेवरील डोंगराळ भागात सुमारे चार टनांची एम-७७७ तोफ चिनूकला टांगून नेता येते. नागरी कामांतही या हेलिकॉप्टरांचा उपयोग होतो. रोह्यापासून सुरू होणारा लोहमार्ग बांधणाऱ्या कोकण रेल्वे महामंडळाने पुढे जम्मू-काश्मीरमध्ये काम घेतले, तेव्हा तेथील दुर्गम भागात एमआय-२६ ने अवजड यंत्रे पोहोचवली. २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठीही ते वापरले गेले. त्यासाठी आधी तेथे मोठे हेलिपॅड तयार करावे लागले. ही पूर्वतयारी सहसा विस्मरणात जाते.

मर्यादा

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने उत्खनन यंत्रे वर नेता आली नाहीत. माती उपसणारे नेहमीचे यंत्र सात-आठ टनांचे असते. एमआय-१७ हे मध्यम क्षमतेचे हेलिकॉप्टर सुमारे चार टनच उचलते. म्हणजे असे यंत्र अखंड नेण्यास चिनूकच्या तोडीचे हेलिकॉप्टर हवे. परंतु क्षमता असणे पुरेसे नसते. भार टांगून नेताना वैमानिकाला खालची जमीन स्पष्ट दिसावी लागते आणि रोटरखालच्या हवेचा जबरदस्त झोत सैल दरडीवर धोकादायक ठरू शकतो. इर्शाळवाडीच्या वेळी हेलिकॉप्टर सज्ज ठेवली होती, पण पाऊस व खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. बचाव पथके चिखलातून गड चढून गेली व त्यांनी कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसला. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले, तोवर २७ मृतदेह सापडले होते. ५७ जण बेपत्ता राहिले.