खोपा नवा, झाड जुने

नांदेड-लातूर भागात जून-जुलैत पावसाने जोर धरला, की विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात, आणि बहुधा गेल्या वर्षी ज्या झाडावर ते होते त्याच झाडावर यंदाही दिसतात. खोपे मात्र नवे असतात. विणीसाठी त्याच ठिकाणी परतण्याच्या या प्रवृत्तीला पक्षिशास्त्रात ‘स्थाननिष्ठा’ म्हणतात. ती किती पाळायची याचा कल जुन्या जागेतला धोका आणि नव्या जागेसाठी पडणारे कष्ट यांवर ठरतो. त्यातही हे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न कळीचा आहे.

सुगरणीत ते नराच्या वाट्याला येतात. उसाच्या किंवा लांब गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, वरच्या बाजूने ती कड धरून उडतो आणि लांब धांदोटी सोलून आणतो. अशा शेकडो खेपांनंतर खोपा उलट्या टोपासारखा अर्धवट उभा राहिला, की माद्या येऊन आतबाहेर करून तो पाहतात. एखादीने पसंत केला तरच नर त्याची नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याला लागतो. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे केलेल्या निरीक्षणांतून हा क्रम उलगडला आणि 1931 मध्ये तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे सुहेल कादर यांच्या 2006 च्या अभ्यासात असे दिसले, की मादीच्या निवडीत विणकामापेक्षा खोप्याच्या जागेला, म्हणजे उंचीला आणि बारीक फांदीला, अधिक वजन असते. नराच्या कारागिरीचे एवढे कौतुक होत असताना हा निष्कर्ष काहीसा खट्याळच म्हणावा लागेल.

उन्हापावसात विरलेला जुना खोपा अंडी-पिलांचा भार पेलेलच असे नाही, शिवाय घरट्यात पिसवा-गोचिडांसारखे परजीवी साचू शकतात. नवा खोपा आयता मिळत असता मादीने ही जोखीम घेण्याचे कारण उरत नाही. टाकलेला खोपा वाया मात्र जात नाही, पांढऱ्या कंठाची मुनिया त्यात अनेकदा संसार थाटते.

राखी धनेशाचे गणित उलटे आहे. त्याला ढोली कोरता येत नाही आणि मादीला स्वतःला आत बंद करून घेण्याजोग्या ढोल्या मोजक्याच असतात. उन्हाळ्यात ती ढोलीचे तोंड विष्ठेने लिंपून अरुंद फट ठेवते, आत तिची उड्डाणाची पिसे गळतात, आणि त्या काळात नर वड-उंबराची फळे त्या फटीतून भरवतो. म्हणून चांगली ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते. अनेक जातींच्या पक्ष्यांत वीण साधली तर मादी त्याच परिसरात परतते आणि अंडी-पिले गमावली तर जागा बदलण्याकडे तिचा कल वाढतो. पण बदलायला दुसरी जागाच नसेल, तर हा अनुभव निरुपयोगी ठरतो.

रस्तारुंदीकरणात तोडलेल्या जुन्या वडाच्या जागी लावलेल्या रोपाला ढोली पडायला कित्येक दशके जावी लागतात. त्यामुळे बांधावरचे पोकळ झाड ‘वाळले’ म्हणून तोडण्यापूर्वी, विशेषतः मार्च ते जून या काळात, शेतकऱ्यांनी आणि ठेकेदारांनी त्याची ढोली एकदा पाहून घ्यावी, आणि विहिरीवरची खोप्यांची बाभूळ निदान पावसाळा सरेपर्यंत राखावी.