किती लांबचं दिसतं?

गळ्यात दुर्बीण अडकवून बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही माळावर उभं राहा, थोड्या वेळात कोणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "किती लांबचं दिसतं हो?" रायफलवर बसवायच्या टेलिस्कोपचे व्हिडिओ मोबाइलवर बघणारी पोरंही हेच विचारतात; फक्त त्यांच्या प्रश्नात पलीकडे हरीण उभं असतं. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच काचेपाशी नाही. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. काच किती स्वच्छ, किती उजळ आणि किती स्थिर दाखवते हे बघायचं असतं. पण त्याआधी हरणाचा विषय मिटवायला हवा.

"लायसन आहे ना, मग शिकार चालते," हा समज आपल्याकडे फार मुरलेला आहे. शस्त्राचा परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, म्हणून काळवीट मारायची मुभा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि मोर दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे, दंड वेगळा. "ससा-तितराला कोण विचारतंय?" असंही म्हणतात, तेही संरक्षितच आहेत. शिवाय कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ गोळी घालणं नव्हे. फास लावणं, पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं आणि यातला नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन शिरता येत नाही.

हरभऱ्यात रात्रीतून कळप शिरला की सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी पाहिलेलं आहे. त्याचा राग खरा आहे. पण त्याचा रस्ता वनखात्याकडे अर्ज, पंचनामा आणि नुकसानभरपाई हा आहे, आणि अर्ज लगोलग करावा लागतो. रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत राज्यात अटींवर परवानगीची तरतूद आहे, पण ती द्यायची वनाधिकाऱ्यांनी.

आता टेलिस्कोपबद्दल. तो लावला की नेम आपोआप लागतो, असं समजलं जातं. टेलिस्कोप फक्त दाखवतो. गोळी नळीतून सुटली की लगेच खाली झुकायला लागते, वारा तिला बाजूला ढकलतो, आणि हात कापला तर काचेतली नेमाची फुलीही कापते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या रायफलवर टेलिस्कोप नव्हता. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तो चालतच नाही. बारीक भोकातून बघून नेम धरायचा असतो.

काहींना वाटतं, हाच टेलिस्कोप सुटा घेऊन जनावरं बघायला वापरू, एकात दोन कामं. तसं होत नाही. बंदुकीचा धक्का डोळ्याला बसू नये म्हणून तो असा बनवलेला असतो की डोळा काचेपासून आठ-नऊ सेंटीमीटर मागे ठेवावा लागतो. हातात धरून तेवढं अंतर सांभाळता सांभाळता चित्र सारखं काळं होतं. एकाच डोळ्याने बघायचं, दिसणारा पट्टा अरुंद, मध्ये फुली. आणि बंदुकीवर ठेवून बघायचं म्हटलं तर जे बघायचं त्याच्यावर नळी रोखावी लागते. झुडपामागे सरपण गोळा करणारी बाई असली तर? बघायला दुर्बीणच हवी.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दोनशे मीटरवरचा मोर पंचवीस मीटरवर असल्यासारखा दिसेल. लोक पहिल्या आकड्यावर भाळतात. वीसपट, तीसपट, आणि हातगाड्यांवरच्या खोक्यांवर तर त्याहून कितीतरी जास्त. पण चित्र जेवढं मोठं होतं तेवढाच हाताचा कंपही मोठा होतो. दहापटीच्या वर तिवई लागते. पट वाढली की दिसणारा पट्टाही आक्रसतो, आणि बोरीत शिरलेला पक्षी शोधता शोधता उडून जातो.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात जातो. २०×५० मध्ये तो फक्त अडीच. भर दुपारी बाहुली आक्रसलेली असते, तेव्हा अडीचही पुरतो. पण मोर आणि काळवीट बघण्याची वेळ पहाटेची आणि दिवस मावळतानाची. तेव्हा तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत फाकते, पन्नाशीनंतर साधारण पाचपर्यंत. अशा वेळी वीसपटीची दुर्बीण अंधारी वाटते आणि साधी आठपटीची उजळ.

बीडच्या माळावर पट वाढवून उपयोग होत नाही, याचं आणखी एक कारण आपल्याच भाषेत दडलेलं आहे : मृगजळ. एप्रिलमध्ये दहा-अकरा वाजले की काळा दगड आणि बरड जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते, आणि कमी-जास्त तापलेल्या हवेच्या थरांतून येणारा उजेड वाकडातिकडा होतो. लांबचा कळप पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो, पाय विरघळल्यासारखे, शिंगं नागमोडी. काचेचा दोष काहीच नसतो, मधली हवाच हलत असते. तीसपटीची दुर्बीण लावली तर तीसपट मोठं मृगजळ दिसतं. मी एकदा शिरूर कासारच्या बाजूला अर्धा तास एका काळविटाच्या शिंगांचे पीळ मोजायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला. दुसऱ्या दिवशी उजाडताना, त्याच दुर्बिणीतून, जवळपास तेवढ्याच अंतरावरून पीळ एकेक करून मोजता आले. महागडी दुर्बीण घेण्याआधी लवकर उठून बघावं, हा माझा पहिला सल्ला असतो.

काचेवरचा लेप ही खरी किमतीची गोष्ट. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. दुर्बिणीत असे दहाहून जास्त पृष्ठभाग असतात, म्हणजे लेप नसेल तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. चांगल्या बहुपदरी लेपाने ही गळती फारच कमी होते. दुकानात दुर्बीण तिरकी धरून काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ते मंद, हिरवट किंवा जांभळट असेल तर लेप आहे. पांढरंशुभ्र चकाकत असेल तर नाही. माणकासारखी लालभडक काच दिसली की पुष्कळांना ती भारी वाटते. ती टाळावी, ती लाल उजेड बाहेरच फेकते आणि चित्र निळसर-हिरवट होतं.

'डे-नाइट' लिहिलेली साधी दुर्बीण रात्री दाखवत नाही, अंधारात बघण्याची यंत्रं वेगळी असतात. झूम असलेली दुर्बीण हलक्या दर्जाची निघते असा माझा अनुभव. कोपरासारखी वाकलेली जुन्या घाटाची दुर्बीण मात्र जुनाट म्हणून सोडू नये. कमी पैशांत बहुधा तीच सरस दाखवते. दहा हजारांच्या आसपास त्या घाटाची बरी ८×४२ मिळते, आणि बहुतेकांना तीच जन्मभर पुरते. चष्मा असेल तर डोळा पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून मागे ठेवता येईल अशीच घ्यावी. हातभर लांब धरून मागच्या काचेत बघा, उजेडाचा ठिपका पूर्ण गोल हवा, कडा चौकोनी कापलेल्या नकोत. मग रस्त्यापलीकडची पाटी पाच मिनिटं वाचा. डोळे ताणले, कपाळ दुखलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण परत ठेवा. आणि सूर्याकडे एकदाही नाही, डोळा कायमचा जातो.

बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा १९३१-३२ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळात पक्षी नक्की ओळखायचा तर तो मारून हातात घ्यावा लागे. चांगली काच हाताशी आली तशी अभ्यासकांच्या खांद्यावरची बंदूक उतरत गेली. लेखक व्यंकटेश माडगूळकरांनाही आधी शिकारीचा नाद होता. पुढे त्यांनी नागझिऱ्याच्या जंगलात वानरांच्या टोळ्या न्याहाळल्या आणि 'सत्तांतर' ही कादंबरी लिहिली.

बीडला हे सगळं करून बघायची जागा जवळच आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चं, क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर. सीताफळीची झुडपं, नाले, बालाघाटाचे उतार. मागे एकदा तिथल्या कडेच्या वस्तीवरचे एक आजोबा सकाळी माझ्याजवळ येऊन थांबले आणि ठरलेला प्रश्न विचारला. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. आधी दोन्ही नळ्या त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवल्या. मग उजवी बाजू हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवायला लावलं, आणि डावी झाकून उजव्या काचेचं कडं. ही जुळणी न करताच पुष्कळ लोक "काही दिसत नाही" म्हणून दुर्बीण परत देतात.

नाल्याच्या काठावर मोर उभा होता, सव्वाशे-दीडशे मीटरवर. जन्मभर मोरांत राहिलेला माणूस, पण बराच वेळ बोलला नाही. मग आजोबा म्हणाले, "मान निळी म्हणतेत, पर ह्यो तर हालला की हिरवा व्हतोय."

बरोबर पाहिलं होतं त्यांनी. मोराच्या पिसात निळा रंग भरलेला नसतो; पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड उसळतो आणि कोन बदलला की रंग बदलतो. हातातल्या काचेवरचा हिरवट-जांभळट लेपही असाच, रंगाविना रंग दाखवणारा. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर आजोबांनी हाताने थांबवलं. दुर्बीण डोळ्यांवरून काढली नव्हती.