उपग्रहावरील विश्वकिरणांचा मारा : एक अंदाज

‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. विषुववृत्ताशी त्या कक्षेचा कल अवघा ६ अंश ठेवला होता, आणि विश्वकिरणांच्या दृष्टीने हा आकडा उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. विद्युत्‌भारित कणाची दृढता, म्हणजे संवेग व भार यांचे गुणोत्तर, ठराविक मर्यादेहून कमी असल्यास भूचुंबकीय क्षेत्र त्यास परतवून लावते. उभ्या दिशेने येणाऱ्या कणांसाठी ही मर्यादा चुंबकीय अक्षांशाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताप्रमाणे घटते. या उंचीवर ती चुंबकीय विषुववृत्ताशी सुमारे १२ अब्ज व्होल्ट, तर ६० अंशांवर एक अब्जाहूनही कमी भरते.

तथापि एवढ्यावर गणित संपले असे मानणारा फसतो. पृथ्वीचा चुंबकीय द्विध्रुव केंद्रापासून किंचित ढळलेला असल्याने दक्षिण अटलांटिकवर प्रारणपट्टा खाली उतरतो. तेथील प्रोटॉन आधीच क्षेत्रात अडकलेले असतात; त्यांना वरील मर्यादा लागूच पडत नाही. शिवाय हा प्रदेश वर्षानुवर्षे पश्चिमेकडे सरकतो, म्हणून नकाशावर आखलेली सीमा पुरत नाही. याकरिता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनविलेला भारितकण-मापक उपग्रहावर बसविला गेला. कणगणना नेमलेल्या प्रमाणाबाहेर गेली की तो इशारा देई, आणि इतर उपकरणांचा उच्च विद्युत्‌दाब उतरविता येई.